राजीनामा, जी दीर्घ

६ जानेवारी २०२५, सोमवार

शेठने आज इमॅन्युएलदादांचा हात मोडला.

वेळ साडेअकरा. मी एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर 'आशीर्वाद' लिहीत होतो. 'आ' झाला होता, 'शी'ची वेलांटी चालू होती. इमॅन्युएलदादा पुढे केबिनच्या दाराचा पोचा काढत होते. शेठ आला. दारावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "ये क्या है? लहर दिख रही है."

दादा म्हणाले, "शेठ, पुट्टी बाकी आहे अजून."

एवढंच म्हणाले! उलट बोलले नाहीत, आवाज चढवला नाही.

जॅकची दांडी खाली पडली होती. शेठने उचलली. पहिला फटका खांद्यावर. दुसऱ्याला दादांनी हात आडवा धरला. तिसरा फटका मी नीट पाहिला. हात दारावर टेकलेला होता, दादा खाली बघत होते. शेठने दांडी दोन्ही हातांत घेतली, नेम धरला आणि मारली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला.

माझा ब्रश सरकला. वेलांटीला शेपूट आलं. मी थिनरने ते पुसलं आणि वेलांटी पुन्हा काढली. माणूस खाली लोळत होता आणि मी वेलांटी सरळ करत होतो — हे इथे लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मीच म्हणेन की मी धावलो होतो.

मग धावलो. मी आणि वेल्डिंगचा जामसिंग, दोघांनी दादांना रिक्षात बसवलं. हात भलत्याच जागी वाकत होता. उचलताना दादा मला म्हणाले, "मास्तर, फाळका ओला आहे, पाठ लागेल तुझी, सांभाळ." ते मला मास्तर म्हणतात, मी सगळ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो म्हणून. मी नववी नापास.

७ जानेवारी

दादांच्या हाताची दोन्ही हाडं मोडली आहेत. मनगटही.

एस्तेरताई फाटकावर आल्या होत्या. दादांच्या बायको. शेठ त्यांना म्हणाला, "गाडी के ऊपर से गिरा." ताई म्हणाल्या, "गाडीवरून पडलेल्या माणसाच्या हातावर दांडीचा वळ उठतो का रे, दिलवरसिंग?" नाव घेऊन! अरे-तुरे करून! सगळं गॅरेज थांबलं. शेठने पाण्याची बादली त्यांच्या अंगावर फेकली. बादलीसकट. कडी त्यांच्या हनुवटीला लागली.

ताई हनुवटी पुसत उभ्याच राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी ब्रश धुवायला गेलो.

८ जानेवारी

दोन वर्षं चार महिने झाले इथे. या काळात शेठने मला काय काय केलं ते तारखेने आठवून पाहिलं. कानाखाली — पुष्कळदा. डाव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजते, आताही वाजते आहे. थिनर तोंडावर — एकदा. नंबरप्लेटवर आठाचा अंक जाड आला म्हणून बोटं दारात धरून दार लावलं — एकदा. दार पूर्ण लावलं नाही. 'डर गया!' म्हणून हसला.

आज त्याला मनात मारलं. पान्याने. मग म्हटलं पाना हलका आहे. मग घणाने. कुठून उचलायचा, कुठे उभं राहायचं, सगळं ठरवलं. घण तिसऱ्या बेंचखाली असतो. शेठ साडेनऊला देवाला अगरबत्ती लावतो, तेव्हा पाठ असते.

हे ठरवताना माझे हात अजिबात थरथरले नाहीत. एरवी शेठला चहाचा ग्लास देतानाही थरथरतात. या गोष्टीची जास्त भीती वाटली.

इथून निघायचं.

१० जानेवारी, शुक्रवार

एस्तेरताईंनी पोलिसांत तक्रार दिली. हवालदार आज विचारपूस करायला आले. त्या वेळी दाराजवळ कोण होतं? जामसिंग म्हणाला, मी मागे वेल्डिंगला होतो, काच तोंडावर होती. खरं आहे. म्हणजे पाहणारा मी एकटाच! हवालदारांनी माझं नाव लिहून घेतलं. "नवनीत का? तुझा जबाब घेऊ पुढे. बोलावतो."

ते गेल्यावर शेठ माझ्याजवळ आला. माझ्या हातातला ब्रश घेतला, केस मुठीत धरून उपटले आणि दांडा परत माझ्या हातात दिला.

सहा नंबरचा ब्रश होता. खारीच्या केसांचा.

११ जानेवारी

गुजरातेत, व्याऱ्याच्या पुढे, बस-बॉडीचा एक कारखाना आहे. तिथल्या सुपरवायझरशी बोलणं झालं. लेटरिंगला माणूस हवा आहे. म्हणाले, आधीच्या जागेचा अनुभवाचा दाखला आण. आणि नीट सोडून ये. मालकाशी भांडून आलेला माणूस आम्ही ठेवत नाही.

गुजरातीत लिहावं लागेल. सकाळी पाटीवर सराव केला. गुजरातीला शिरोरेषा नाही. हात सवयीने वर जातो आणि रेघ ओढतो. अक्षरं डोक्यावर काही न घेता उभी आहेत, ही सवय व्हायला वेळ लागेल.

बहिणीला, चेतनाताईला, फोन केला. ताई शहाद्याला बँकेत आहे, तिला या गोष्टी कळतात. इमॅन्युएलदादांचं सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, तू भांडू नको. लिखीसन दे. कारण घरगुती लिख. आभार मान. कसानीच तक्रार नही, असं लिख. कोनंच नाव लेऊ नको. आठे बँकमा सगळा असंच करतस. एक महिन्यानी मुदत दे, गोड बोलीसन बाहेर नीघ."

मी विचारलं, "आन दादांना हात मोडना, त्यानं काय?"

"तो वेगळा विषय शे. पोलीस विचारतीन तधय सांग. राजीनाम्यामा ते कसाले?"

बरोबर आहे. राजीनामा वेगळा, जबाब वेगळा. दोन कागद.

१२ जानेवारी, रविवार

पाच वेळा लिहिलं. पाचव्यांदा जमलं. इथे उतरवून ठेवतो.

राजीनामा
दि. १३ जानेवारी २०२५
मा. शेठ यांस,
मी आपल्या गॅरेजमध्ये दोन वर्षे चार महिने लेटरिंग पेंटर म्हणून काम करीत आहे. घरगुती कारणामुळे दि. १२ फेब्रुवारी २०२५ पासून मी काम सोडू इच्छितो. आपल्याकडे मला पुष्कळ शिकायला मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. माझी आपल्याबद्दल किंवा येथील कोणाहीबद्दल कसलीही तक्रार नाही. कृपया अनुभवाचा दाखला द्यावा, ही नम्र विनंती.

'कसलीही तक्रार नाही' हे ताईने सांगितलं म्हणून. लिहिताना कान वाजत होता.

'राजीनामा' मोठ्या अक्षरात काढलं, बोरूने. जी दीर्घ. चार अक्षरं आणि चौघांनाही काना किंवा वेलांटी. एकही अक्षर मोकळं नाही, म्हणून जागा सारखी वाटावी लागते. चांगलं आलं आहे.

उद्या द्यायचा. तो मारणार. उजवा हात खिशात ठेवायचा, एवढं ठरवलं.

१३ जानेवारी, सोमवार

मारलं नाही!

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला कळलेलं नाही. शेठ खुर्चीवर होता. मी कागद दिला आणि दोन पावलं मागे सरकलो. त्याने वरचा शब्द वाचला. परत वाचला. "राजीनामा?" म्हणाला. "अपने आप लाया? किसी ने बोला नहीं?"

"नाही शेठ. मीच लिहिला."

मग ओळींवर बोट फिरवलं, ते 'कसलीही तक्रार नाही' इथे थांबलं. मराठी त्याला चाचपडत वाचता येतं, तो खेतियाच्या पलीकडचा, मध्य प्रदेशातला. पण ती ओळ त्याने मोठ्याने वाचली. उठला. मी हात खिशात घातला. त्याने मला मिठी मारली!

"इसको बोलते हैं समझदार! पढ़ा-लिखा! चाय ला रे, मलाई मार के!"

मला खुर्चीवर बसवलं. खाली 'मंजूर' लिहून सही केली, शिक्का मारला. एक प्रत त्याने ठेवली. जाताना म्हणाला, "उसकी औरत को भी समझा दे. तेरी बात मानेगी."

मी काम सोडतो आहे, हे एस्तेरताईंना मी कशाला समजावू?

१४ जानेवारी

संक्रांत. शेठने मला तिळाचा लाडू स्वतःच्या हाताने भरवला. त्याच हाताने अर्ध्या तासाने जामसिंगचं डोकं सिलेंडरवर आपटलं. रॉड संपल्याचं आधी का सांगितलं नाही म्हणून.

१७ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस मला एक चापटही नाही. ताईचं खरं होतं. लेखी दिलं की माणूस वेगळा वागतो! तिला फोन करून सांगितलं. ती खूश झाली.

पण गॅरेजात माझ्याशी कोणी बोलत नाही. डबा खायला बसलो की उठून जातात. जामसिंगला मीठ मागितलं. तो माझ्या डब्याशेजारी थुंकला.

२१ जानेवारी, मंगळवार

कळलं.

दुपारी शेठ एका ड्रायव्हरला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "ये लड़का देख. गवाह था. राजीनामा दे दिया. केस खतम." जामसिंगने हातातला रॉड फेकला आणि माझ्या अंगावर आला. कॉलर धरून मागच्या भिंतीला दाबलं.

"इमॅन्युएलचा हात कितीला विकलास, बोल!"

"मी काय केलं?"

"राजीनामा नाही दिलास?"

"दिला ना. नोकरी सोडतोय मी. बारा तारखेला."

जामसिंगने कॉलर सोडली नाही, पण त्याचा चेहरा बदलला. तो तोरणमाळकडचा. त्याची अर्धी सोयरीक तिकडे, मध्य प्रदेशात. तो हळूहळू म्हणाला, "अरे येड्या. तिकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नाही. ठाण्यात जाऊन केस मिटवतात, लिहून देतात की आम्ही राजी आहोत, आमचं भांडण नाही — त्याला राजीनामा म्हणतात. काय लिहिलंस तू त्यात?"

मी पाठ म्हणून दाखवलं. 'कसलीही तक्रार नाही' आलं तेव्हा त्याने कॉलर सोडली आणि कपाळावर हात मारून घेतला.

जामसिंग म्हणाला, शेठच्या वकिलाने तो कागद पोलिसांकडे दिला आहे. आठ दिवस झाले. शेठने कपट केलेलं नाही. त्याने तोच शब्द वाचला जो मी लिहिला होता. बोरूने. सारखी जागा वाटून.

मी लिहिलेलं आजवर कोणी चुकीचं वाचलं नव्हतं.

२२ जानेवारी

सकाळी पोलिसांकडे निघालो. तीनदा ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलो. तीनदा परत आलो. चौथ्यांदा कामाची वेळ झाली.

मनात शेठला घणाने मारलं. या वेळी दोनदा, कारण पहिला नीट बसला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

हवालदारांनीच बोलावलं. माझा कागद त्यांच्या टेबलावर होता, टाचणी लावून. ते हसत होते.

"वकील सांगून गेला, साक्षीदाराचा राजीनामा आहे. मी वाचला. म्हटलं, हा तर नोकरीचा आहे! पण पोरा, खाली तक्रार नाही असं लिहिलंयस. ते काय?"

"ते तसं लिहायची पद्धत आहे, साहेब."

"कोणाची पद्धत?"

"बँकेतली."

ते परत हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "हे बघ. हा कागद मी बाजूला ठेवू शकतो. पण मग तुला तोंडाने सांगावं लागेल. काय पाहिलंस?"

डावा कान जोरात वाजायला लागला. मी सांगायला लागलो. पहिला फटका, दुसरा, तिसरा. हात दारावर कसा टेकला होता, शेठने दांडी कशी दोन्ही हातांत घेतली, नेम कसा धरला. पऱ्हाटीचा आवाज. सगळं क्रमाने. ते लिहीत होते. त्यांनी 'दांडि' लिहिलं. मी म्हणालो, "साहेब, डी दीर्घ." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग दुरुस्त केलं.

बाहेर आलो. बरं वाटलं. खूप.

२५ जानेवारी, शनिवार

त्याला कळलं.

सकाळी फाटकातून आत गेलो तर शटर अर्धं ओढलं गेलं. शेठ म्हणाला, "राजीनामा देके पलट गया?" तो चिडलेला होता त्याहून जास्त दुखावलेला होता, हे मला दिसलं. त्याच्या लेखी मी दिलेला शब्द मोडला होता. त्याने मिठी मारली होती, लाडू भरवला होता!

मी म्हणालो, "शेठ, आमच्यात राजीनामा म्हणजे—"

पहिल्या बुक्कीत डावा डोळा मिटला. मग केस धरून फाळक्यावर तोंड घासलं. ओला फाळका होता, मीच रंगवलेला. तोंडात इनॅमल गेलं. खाली पडल्यावर लाथा. बरगडीत, पोटात, परत बरगडीत. मी हात काखेत धरले होते, दोन्ही, घट्ट. त्याने ते पाहिलं. बूट माझ्या कोपरावर ठेवला आणि म्हणाला, "हाथ बचाता है? हाथ निकाल!" मी काढला नाही. त्याने बोट धरून ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात जामसिंगने वेल्डिंग पेटवलं. ठिणग्या उडाल्या, धूर झाला. "शेठ, बाहेर गिऱ्हाईक," तो ओरडला. गिऱ्हाईक नव्हतं.

चहासाठी ठेवलेलं दूध घेऊन चूळ भरली. पिवळा रंग निघाला. दोन दात हलतात.

शेठ निघून जाताना म्हणाला, "बारह तारीख तक आएगा तू. नहीं आया तो दाखला नहीं, और तेरी बहन का बैंक मैंने देखा है."

२६ जानेवारी

डावा डोळा उघडत नाही. शाळेच्या फळ्यावर 'प्रजासत्ताक दिन' लिहून द्यायचं कबूल केलं होतं. लिहून आलो.

२७ जानेवारी

ताई फोनवर ओरडली. "आत्तेच्या आत्ते घर ये! मरी जाशी तठे! मंग दाखला कोन लेई?"

मी म्हणालो, पंधरा दिवस राहिलेत. मुदत मी लेखी दिली आहे.

"फाडी टाक ती मुदत!"

तिला बँकेचं काही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, ताई, काही दिवस मागच्या दाराने जा-ये कर. ती लगेच 'हा' म्हणाली. कळलं असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

इमॅन्युएलदादांकडे गेलो. टेकडीवरचं घर, खाली नागलीचं शेत. प्रार्थनेहून सगळे नुकतेच आले होते. दादा अंगणात बसले होते. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजलेली, निळी. मिटत नाहीत.

माझा डोळा पाहून म्हणाले, "मास्तर, तुझ्या 'डोळा'तला 'ळ' कुठे गेला?" मी हसलो तर बरगडी दुखली. तेही हसले. मग हसू गेलं.

"एक सांगतो. आम्ही मिटवतोय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. डाव्या बाजूला बसले होते ना!

एस्तेरताई दारातून म्हणाल्या, "मी नाही म्हणते आहे. हेच म्हणतात."

दादा म्हणाले, "डॉक्टर सांगतो हा हात परत हातोडा धरणार नाही. दुसरीकडे कोण ठेवेल मला? शेठ म्हणतो आयुष्यभर ठेवतो. लिहून देतो. हात तर गेला. काम पण घालवू?"

"मी जबाब दिला, दादा. मार खाल्ला."

"माहीत आहे." त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. "तू चांगलं केलंस. आता निघून जा इथून."

उतरताना मला राग आला होता. दादांचा! शेठवरही इतका आला नव्हता. अर्ध्या टेकडीवर एक दगड उचलला आणि परत त्यांच्या घराकडे बघितलं. मग ठेवला, जिथला तिथे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मिटलं. हवालदार म्हणाले, पुढचं कोर्ट बघेल, पण घरचेच नाही म्हणतात तर तुझ्या एकट्याच्या जबाबाचं काय होणार.

दादा आज कामावर आले. शेठने त्यांना जॅकचं काम दिलं आहे. गाडी उचलायची, खाली ठोकळे लावायचे, शेठ गाडीखाली गेला की बॅटरी धरायची. एका हाताने. सगळ्यांसमोर नाव ठेवलं — "लूला." "ए लूले, ठोकळा लाव! ए लूले, इधर रोशनी मार!" ड्रायव्हरही तेच म्हणायला लागले.

दादा एकदाही हसले नाहीत. मला मास्तर म्हणाले नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

शेठने दादांना चपलेने मारलं. गालावर. बॅटरी हलली म्हणून. गिऱ्हाइकं बघत होती. एक हसलं. दादांनी चप्पल उचलून शेठच्या पायाशी ठेवली, सरळ करून, पाय घालता येईल अशी.

मी दांडा धरला होता ब्रशचा, तो मोडला. कधी मोडला कळलं नाही.

दोन दिवस.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ

मिळाला! दाखला मिळाला!

शेठ सकाळपासून मजेत होता. केस मिटली, सगळे खाली मान घालून. मला म्हणाला, "तू ही लिख, मैं साइन करता हूँ." मी लिहिला. 'दोन वर्षे पाच महिने, लेटरिंग पेंटर, काम समाधानकारक, वर्तणूक चांगली.' त्याने न वाचता सही केली, शिक्का मारला. वर हात पुढे केला. मी हात मिळवला. काय करणार? बोटं दाबली त्याने, जरा जास्त, पण सोडली.

म्हणजे झालं सगळं. लेखी दिलं, मुदत पाळली, आभार मानले, दाखला घेतला. शिवी दिली नाही. हात उचलला नाही. दोन्ही हात धड आहेत. ताईला फोन केला, ती रडली.

ब्रशांचा डबा आत राहिला आहे. दुपारी जाऊन घेतो आणि व्याऱ्याची एसटी पकडतो.

१३ फेब्रुवारी

काल दुपारी शेठ ट्रकखाली होता आणि इमॅन्युएलदादांनी ठोकळा काढला. आधी जॅक सोडला, मग दांडीने ठोकळा ढकलून काढला. डाव्या हाताने. मी डबा घेऊन चार हातांवर उभा होतो. काढण्याआधी त्यांनी वर बघितलं, मी दिसलो, तरी काढला. शेठ जागीच गेला.

हवालदार आले. बाकी सगळे मागे होते. मला विचारलं, "ठोकळा कसा निघाला?"

मी म्हणालो, "आपोआप सरकला, साहेब. मी बघत होतो. दादा लांब होते."

त्यांनी पेन उघडलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता." आणि लिहून घेतलं. मी वाचून पाहिलं आणि सही केली.